गॅरेजातला फ्रीज कोणाच्या पैशातून?



गटवार बैठकांत यंदा दोन ठिकाणी एकच प्रश्न आला. कारखान्याच्या वाहन विभागाच्या गॅरेजात फ्रीज बसवला आहे आणि तो कायम थंड पेयांनी भरलेला असतो, तो कोणाच्या पैशातून? उसाच्या दराची गोष्ट निघाली की हात आखडता, आणि मिस्त्रीलोकांना मात्र थंडगार? विचारणाऱ्यांचा मला राग आला नाही. शेअर घेतला आहे, हिशेब विचारणारच. वाहन विभाग माझ्याकडे नाही हे खरे, पण ट्रॅक्टर नादुरुस्त होऊन उसाची ट्रॉली रस्त्यात उभी राहिली की पहिला फोन ऊस विकास अधिकाऱ्यालाच येतो. तेव्हा बोलण्याचा थोडा अधिकार मलाही आहे. माझे मत असे की फ्रीज असावा, तो भरलेलाही असावा, पण आज भरला जातो तसा नव्हे.

चैनीचा मुद्दा आधी निकालात काढू. १९४८ च्या कारखाने कायद्यानेच अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय सक्तीची केली होती. म्हणजे कामगाराला गार पाणी देणे ही मेहेरबानी नव्हे, हे स्वातंत्र्यानंतर लगेचच ठरले. आणि आपल्या गॅरेजाला खरे काम कधी असते? हंगामात तात्पुरती मलमपट्टी होते. पट्टा पडला की मार्च-एप्रिलपासून इंजिने उघडतात. पत्र्याची शेड, खाली तापलेले लोखंड, शेजारी वेल्डिंग चालू. त्या शेडमध्ये दुपारी दोन वाजता अर्धा तास उभे राहून पाहावे, मग फ्रीजची चर्चा करावी.

मध्यंतरी कामानिमित्त कोकणात उतरलो होतो. खोपोली, पाली करून वाकणला मुंबई-गोवा रस्त्याला लागलो. सुकेळी खिंड चढताना आमच्या जीपने वाफ धरली. खिंड ओलांडून कशीबशी रोहा तालुक्यातल्या खांबपर्यंत आणली आणि तिथल्या एका गॅरेजात लावली. या रस्त्याचे पळस्पे ते इंदापूर हे ८४ किलोमीटरचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. (इंदापूर म्हणजे आपले उसाचे नव्हे, माणगाव तालुक्यातले.) खड्ड्यांनी गाड्या मोडणार आणि ड्रायव्हर ताटकळणार, हे त्या गॅरेजवाल्याने ओळखले होते. कोपऱ्यात जुना एकदारी फ्रीज, वर पैसे टाकायला पत्र्याचा डबा. वरच्या दोन खणांत पाणी, मधल्यात कोकम सरबत आणि ताक, खाली कंपन्यांची पेये. दारावर खडूने लिहिलेले, ‘फक्त पिण्याचे’. आमचा होजपाईप बदलेपर्यंत पाच-सहा गिऱ्हाइके येऊन गेली. प्रत्येकाने काहीतरी काढून घेतले आणि डब्यात पैसे टाकले. कोणी कोणावर लक्ष ठेवत नव्हते. आपल्या गॅरेजात डबा नाही, बिल थेट स्टोअरला जाते. प्रश्न निघाला तो त्यामुळेच.

आता बाटलीत काय आहे ते पाहू, कारण तिच्यात आपला मालही आहे. नेहमीच्या गोड कोल्ड्रिंकमध्ये शंभर मिलीलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. तीनशे मिलीची बाटली म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. सव्वादहा टक्के उताऱ्याच्या एक टन उसातून एकशे अडीच किलो साखर निघते. म्हणजे टनाला अशा सुमारे ३,२०० बाटल्या. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी त्याच उताऱ्याला टनास ३,५५० रुपये. भागाकार करा, बाटलीमागे उसाचे एक रुपया दहा पैसे येतात, आणि तोडणी-वाहतूक वजा व्हायची ती त्यातूनच. ‘कोल्ड्रिंक खपले तर आपलीच साखर खपते’ असे एका सभासदाने मला सुनावले. बरोबर आहे. पण गॅरेजाच्या एका फ्रीजने साखरेचा उठाव वाढत नाही, माणसाचे पोट मात्र बिघडते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त वरची साखर नको म्हणते. दोन बाटल्यांत ती मर्यादा ओलांडते, आणि आपले फिटर दुपारपर्यंत तीन रिचवतात. साखर कारखान्याच्या नोकराने हे लिहू नये असे कोणास वाटेल. पण घाम गाळणाऱ्याला साखरेबरोबर मीठही लागते, ते त्या बाटलीत नावालाच असते.

मग आपला उसाचा रसच फ्रीजमध्ये का ठेवू नये? हाही प्रश्न आला. रस टिकत नाही म्हणून. तोडलेला ऊस तळावर पडून राहिला की उतारा घसरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. काढलेल्या रसाचे तेच होते, फक्त तासांच्या हिशेबाने. काळा पडतो, मग आंबतो. रस चरकासमोर उभे राहूनच प्यावा.

फ्रीजमध्ये ठेवण्याजोगी वस्तू म्हणजे साधे पाणी, खारे ताक, मीठ घातलेले लिंबू सरबत आणि कोकम. अमृतकोकम तर साखरेतच मुरवलेले असते, म्हणजे आपल्या मालाचा मानही राहतो. काहीच नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. चार बाटल्या कोल्ड्रिंकच्याही असू द्याव्यात. रात्री गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला तीच हवी असते, त्याला ताकाचा उपदेश करू नये.

खरी भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते, आणि ती गॅरेजापुरती नाही, तुमच्या वस्तीवरच्या शेडचीही आहे. काचेच्या बाटल्यांचा जमाना होता तेव्हा बाटलीवर डिपॉझिट असे आणि रिकामी बाटली क्रेटमधून परत जाई. १९७७ साली कोका-कोला देश सोडून गेली, थम्स अप आले, १९९३ साली कोका-कोला परत आली, या सगळ्या काळात बाटली दुकानदाराचीच राहिली. प्लास्टिकची बाटली आली आणि ती आपल्याकडेच राहू लागली. झाकणाची, फुटत नाही, फुकटची. मग तिच्यात ब्रेक ऑइल, बॅटरीचे ॲसिड, रेडिएटरचा कूलंट आणि शेतात शेजाऱ्याकडून आणलेले उरलेसुरले तणनाशक. कूलंटमधले ग्लायकॉल चवीला गोड असते आणि मूत्रपिंड निकामी करते. पॅराक्वाटवर तर उतारा नाही. ते कोलासारखे दिसते म्हणून जगभर माणसे दगावली, तेव्हा कुठे त्यात निळा रंग, उग्र वास आणि ओकारी आणणारे द्रव्य मिसळण्याची पद्धत पडली. तहानलेला माणूस लेबल वाचत नाही, झाकण उघडतो आणि तोंडाला लावतो. लहान पोर तर बाटलीचा रंग बघूनच धावते. म्हणून तणनाशक मूळ डब्यातच, कुलुपात ठेवावे, आणि कोल्ड्रिंकची रिकामी बाटली चेपून, भोक पाडूनच टाकावी. या एका बाबतीत मी कोणाचीही सबब ऐकणार नाही.

पेट्रोल आणि थिनरही फ्रीजमध्ये नको. आत वाफ साठते आणि थर्मोस्टॅटच्या ठिणगीने पेटते. बुश-बेअरिंग आकसावे म्हणून फ्रीझरमध्ये ठेवण्याची मिस्त्रींची युक्ती चांगली आहे, पण पिशवीत गुंडाळून ठेवा. बर्फ साचला तर फ्रीज बंद करून वितळू द्यावा. गॅरेजात हाताशी स्क्रू-ड्रायव्हर असतो, तोच खुपसला जातो, पत्रा फुटतो, गॅस जातो आणि मग नवीन फ्रीजची मागणी येते! मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, दाराचे रबर पुसत जा. संध्याकाळी घरी जाताना दुसऱ्या दिवसाचा माल भरा. भर दुपारी गरम क्रेट आत कोंबला तर चार वाजेपर्यंत काहीच गार मिळत नाही.

पैशाबद्दल माझी सूचना अशी. पाणी, ताक आणि सरबत कारखान्याच्या खर्चाने, कामगार असो, तोडणी टोळीचा माणूस असो की ट्रॅक्टर घेऊन आलेला सभासद. कोल्ड्रिंक ज्याचे त्याने घ्यावे, खरेदीच्या भावात, आणि पैसे डब्यात. उधारीची वही ठेवू नये, वहीवरून भांडणे होतात. डब्याची किल्ली कामगारांनीच निवडलेल्या एकाकडे राहावी आणि महिन्याचा जमाखर्च गॅरेजाच्या फळ्यावर लिहावा. तसे पत्र मी कार्यकारी संचालकांकडे दिले आहे. पत्र्याचा डबा मात्र आमच्या शेतकी ऑफिसात माती नमुन्यांचा एक रिकामा पडला होता, तो धुऊन, झाकणाला चीर पाडून वाहन विभागाकडे पाठवला आहे.

— ऊस विकास अधिकारी