जुना संगणक भंगारात देण्याआधी



गेल्या महिन्यात साताऱ्याहून खालाजानचा फोन आला. "बेटा, तुझ्या खालूंचा कॉम्प्युटर सुरूच होईना. दुकानवाला म्हणतो, मदरबोर्ड गेला, भंगारात द्या. सोमवारी मुलं देऊनही टाकतील. पण त्यात त्यांची लुगत आहे रे."

लुगत म्हणजे शब्दकोश. आमचे खालू उर्दू शाळेतून निवृत्त झाल्यावर मुलांसाठी उर्दू-मराठी शब्दांची वही करत होते. वही कागदावर नव्हती, इनपेजमध्ये होती. १९९४ साली आलेल्या या सॉफ्टवेअरने उर्दू नस्तालीक लिपी आपल्याकडच्या घराघरांत आणि छापखान्यांत पोहोचवली. खालूंना जाऊन दोन वर्षे झाली. तेव्हापासून तो संगणक कपड्याखाली झाकून ठेवलेला होता.

आम्ही इंजिनिअर नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो. शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली आमच्याकडे आली, कारण ती दुसऱ्या कोणाला नको होती. तिथे स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन जे शिकलो, तेच घेऊन रविवारी सकाळी सांगलीहून एसटीने साताऱ्याला निघालो.

पहिला नियम साधा आहे: बाहेरून आत जायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम हलवल्या तर दोष कशात होता ते कळत नाही.

म्हणून आधी प्लग पाहिला. जुन्या घरातला दोन भोकांचा सॉकेट, आणि तीन पिनांचा प्लग त्यात बसावा म्हणून मधे लावलेला जोड. डब्याला बोट लावले तर मुंग्या आल्या. खालाजान म्हणाल्या, "तो तर नेहमीच चावतो." तो चावतो, कारण अर्थिंग नसते. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरची थोडी वीज एरवी अर्थच्या तारेने जमिनीत जाते. ती तार नसली की ती पत्र्यावर राहते. दुरुस्तीच्या आधी शेजारच्या वायरमनला बोलावून तीन पिनांचा सॉकेट लावून घेतला आणि अर्थिंग तपासून घेतले.

मग बटण दाबले. दिवा लागला, पंखा फिरला, पडदा मात्र काळा. पंखा फिरतो म्हणजे पॉवर सप्लाय निदान काही तरी देतो आहे. काहीच हलले नसते तर वायर, मागचा स्विच आणि शेवटी पॉवर सप्लाय अशा क्रमाने पाहिले असते. पॉवर सप्लायची पेटी मात्र कोणीही घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातले कपॅसिटर काही वेळ वीज धरून ठेवतात. ती पेटी बदलायची असते, उघडायची नसते.

मॉनिटरची परीक्षा सोपी. त्याची वायर डब्यापासून काढली. पडद्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे आली, म्हणजे मॉनिटर जिवंत.

आता कान लावले. संगणक सुरू होताना स्वतःची तपासणी करतो आणि अडखळला तर बीप वाजवून सांगतो. बीपची भाषा कंपनीप्रमाणे बदलते, पण लांब बीप पुन्हा पुन्हा वाजत राहिली तर बहुधा मेमरीकडे, म्हणजे रॅमकडे बोट असते. खालूंचा संगणक तेच सांगत होता. दुकानात कोणी ऐकले नसावे.

प्लग काढला, बटण दोन-चार वेळा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, बाजूचे झाकण उघडले. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांच्या सोनेरी कडांवर काळपट थर चढला होता. साताऱ्याचे दोन पावसाळे बंद खोलीत काढले की असे होते. नातीच्या कंपासपेटीतला पांढरा खोडरबर घेतला, कडा हलक्या हाताने पुसल्या, भुगा झटकला. एकच पट्टी बसवली, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक' होईपर्यंत दाबली. बटण दाबले. एक छोटी बीप, आणि पडद्यावर अक्षरे.

खालाजान काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

तारीख मात्र वीस वर्षे मागे गेली होती. हा दोष मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो संपला की संगणक तारीख विसरतो, आणि तारीख चुकली की इंटरनेटवरच्या कित्येक साइट सुरक्षिततेचे कारण सांगून उघडत नाहीत. लोक समजतात, नेट बंद आहे.

पण सेल नंतर. आधी पेन ड्राइव्ह लावून खालूंच्या सगळ्या फाइल उतरवून घेतल्या. दुसरा नियम हाच: यंत्र उठून बसले की आधी त्याच्याकडची अमानत काढून घ्या, उरलेली दुरुस्ती मागाहून. चहा घेईपर्यंत, दहा-बारा मिनिटांत, संगणक आपोआप बंद पडला. प्रोसेसरवरच्या पंख्यात धुळीची गादी साचली होती. उष्णता बाहेर जात नाही, मग तो जळण्याआधी स्वतःला बंद करतो. मऊ ब्रशने धूळ काढली. ब्रश फिरवताना पाती बोटाने धरून ठेवावीत. प्रोसेसरवरचा वाळलेला लेप बदलून नवा लावला. माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडच्या वाचकांनी हे काम दर उन्हाळ्यानंतर करावे. महाबळेश्वर-पाचगणीकडे धुळीपेक्षा ओलाव्याची भीती जास्त.

आता आमची चूकही सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या तळमजल्यात पाणी शिरले. ओसरल्यावर संगणक पुसला, दोन दिवस उन्हात ठेवला आणि हौसेने बटण दाबले. एक 'फट्' आणि धूर. अब्बांचे फोटो, दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सगळे गेले. वरून कोरडे दिसले तरी पुराचा गाळ चिपांच्या पोटात ओला राहतो आणि वीज नको तिकडे नेतो. आम्ही बटण दाबायलाच नको होते. हार्ड डिस्क काढून, सुरू न करता, माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यायला हवी होती. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तरीही हेच करावे.

सगळेच जुने वाचवावे असे आमचे म्हणणे नाही. वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे सत्तर गावांत ऊसउत्पादकांसाठी संगणक बसवले गेले. काही वर्षांनी त्यांची देखभाल परवडेना, तेव्हा काही गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहण्यात आले. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले असतील, जळका वास येत असेल, तर खर्च करू नये. विंडोज एक्सपीचे संरक्षण २०१४ मध्ये आणि विंडोज सेव्हनचे २०२० मध्ये संपले. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत. नेट न जोडता टायपिंगला तो चालेल. आणि भंगारात देताना हार्ड डिस्क काढून घरी ठेवावी.

इनपेजच्या फाइल साध्या वर्डमध्ये उघडत नाहीत. म्हणून मिरजेला एका डीटीपीवाल्याकडे त्यांची प्रिंट काढली. एकशे बारा पाने निघाली. खालूंची लुगत 'लाम' या अक्षराशी थांबली आहे. पुढे मीम, नून, वाव, हे, ये उरतात. खालाजानची नात नववीत आहे. ती रोज दहा शब्द लिहून आम्हाला पाठवते, आम्ही मराठी अर्थ तपासतो. काल तिने 'मीम'चा पहिला शब्द पाठवला: माँ.

तुमच्या घरी कपड्याखाली झाकलेला एखादा संगणक असेल, तर या रविवारी त्याच्याजवळ बसा. आधी अर्थिंग पाहा, मग बीप ऐका. आणि सुरू झाला, तर आधी पेन ड्राइव्ह लावा.