शिक्षा संपते केव्हा?

मंगळवार पेठेतील एखादा तरुण फुटबॉल सामन्यानंतरच्या मारामारीत सापडतो, न्यायालयाने केलेला दंड भरतो आणि सुटलो असे समजतो. पुढे १० वर्षांनी विलायतेत नोकरी ठरते, तेव्हा व्हिसासाठी लागणाऱ्या पोलिसी दाखल्यापाशी तेच प्रकरण पुन्हा उभे राहते. आपला १९६७ चा पारपत्र कायदा याहून उदार आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल किमान २ वर्षांची कैद झाली असेल, तरच दोषी ठरल्यापासून ५ वर्षे तो आड येतो. उलट १२ महिने वा अधिक कैद झालेल्यास ब्रिटन, कितीही काळ लोटला तरी, व्हिसा नाकारते. आपल्या घरी कोणास घ्यावे हा त्या देशाचा अधिकार आम्ही अमान्य करीत नाही. परंतु दंड आणि कैद यांतला भेद तेथील अधिकाऱ्यास कळावयाचा तो आपल्याच दाखल्यावरून! त्यात गुन्हा, शिक्षा व तारीख स्पष्ट लिहिली गेलीच पाहिजे. राहता राहिले दलाल. ‘लपवून टाका’ असा सल्ला देणाऱ्या या गृहस्थांचे काही बिघडत नाही. खोटे उघडकीस आले तर ब्रिटनचे दार १० वर्षांपर्यंत बंद होते, ते अर्जदाराला.