खाडी मोजायची कुणी?

खाडी, कांदळवन, मिठागरे यांच्या अभ्यासात गावच्या, शहरातल्या साध्या माणसांना सामील करून घ्यावे असे कुणी सुचवले की एक आक्षेप हटकून येतो. हौशी माणसांच्या नोंदींवर शास्त्र उभे राहत नाही. ज्यांना टिलवा आणि तुतारी या पक्ष्यांतला फरक कळत नाही, त्यांच्या आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा? असे विचारणारे बहुधा प्रामाणिक असतात, अभ्यासूही असतात. म्हणून त्यांचे म्हणणे नीट तपासून खोडले पाहिजे.

१८८३ साली मुंबईतल्या आठ रहिवाशांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांत आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन होते. दोघेही डॉक्टर, पोटापाण्याचा धंदा रोगी तपासण्याचा. आज ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा अभ्यास करणारी संस्था ती हीच. हौशींना शास्त्राच्या उंबऱ्याबाहेर उभे करणाऱ्यांनी हा उंबरा बांधला कुणी, हे आठवावे.

पण इतिहासाने भरवशाचा प्रश्न सुटत नाही, हे मान्य. नोंद भरवशाची ठरते ती मोजण्याच्या रीतीमुळे; मोजणाऱ्याच्या पदवीचा प्रश्न नंतरचा. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ साली चहाच्या पिशव्यांची एक पद्धत मांडली. हिरव्या चहाची एक आणि रूइबॉसची एक, अशा ठरावीक बनावटीच्या पिशव्या वजन करून आठ सेंटिमीटर खोल पुरायच्या; सुमारे तीन महिन्यांनी काढून, वाळवून पुन्हा वजन करायचे. हिरवा चहा लवकर कुजतो, रूइबॉस सावकाश. दोहोंच्या घटीवरून त्या मातीत पालापाचोळा किती वेगाने कुजतो आणि किती टिकून राहतो, ते कळते. खाडीच्या चिखलात हा प्रश्न कळीचा आहे. तिथे हवा पोचत नाही, कुजणे मंदावते आणि कांदळवनाने शोषलेला कार्बन गाळात दीर्घकाळ साठून राहतो. पिशवी सगळीकडे सारखी, खोली सारखी, त्यामुळे एका देशाचा चिखल दुसऱ्या देशाच्या चिखलाशी ताडून पाहता येतो. यात शाळेतल्या मुलाने चूक करायला जागा किती उरली? प्रश्न नेमका आखण्याचे काम शास्त्रज्ञाचे, आणि ते त्याने चोख केले तर हात कुणाचेही चालतात.

पक्षी ओळखण्यात चुका होतात, हे खरे. पण ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अमुक जागी, अमुक महिन्यात अनपेक्षित असलेला पक्षी किंवा आकडा आला की तो अडतो, आणि त्या भागातला जाणता पक्षीनिरीक्षक छायाचित्र किंवा तपशील मागतो. नोंदी रविवारच्या आणि रस्त्यालगतच्या जागांच्या जास्त असतात, हा आक्षेप त्याहून वजनदार आहे. तरीही हा दोष उघड आहे, म्हणून विश्लेषणात त्याचा हिशेब धरता येतो. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३चा अहवाल सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या तीन कोटींच्या आसपास नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि किनाऱ्यावर येणारे स्थलांतरित पक्षी घटत असल्याचा इशाराही. पगारी संशोधकांची एवढी फौज कोणते विद्यापीठ उभी करणार?

खाडीला तर मुक्कामी माणूसच लागतो. संशोधन-प्रकल्पाचा निधी दोन-तीन वर्षांत संपतो. गाळ साचणे, दलदलीवर कांदळवन पुढे सरकणे, पक्ष्यांच्या चरण्याच्या जागा आक्रसणे यांना दशके लागतात. शिवाय भरतीचे गणित आहे. ठाणे खाडीत ओहोटीला रोहित उघड्या चिखलावर चरतात; भरतीने तो झाकला की नवी मुंबईतल्या पाणथळींवर जाऊन बसतात. चुकीच्या वेळी गेलेल्या तज्ज्ञाला तिथे शून्य पक्षी दिसतील आणि तो शून्यच लिहून आणील. उधाण कधी, भांग कधी, हे खाडीकाठच्या कोळ्याला पंचांग न उघडता ठाऊक असते. त्याला होडी चालवण्यापुरता बोलावणे आणि नोंदवहीतून वगळणे हा शास्त्राचाच तोटा आहे.

या आकड्यांना कायद्याच्या दारातही किंमत आहे. पाणथळीत नियमितपणे २०,००० पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येतले एक टक्का तिथे असतील, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीसाठी पात्र ठरू शकते. ठाणे खाडी २०२२ साली त्या यादीत आली. हे निकष मोजणीवाचून सिद्ध होत नाहीत. १९८७पासून दर जानेवारीत चालणारी आशियाई पाणपक्षी गणना मुख्यतः स्वयंसेवकांवर चालते. भरावाचा ट्रक आला तेव्हा तिथे आधी काय होते, हे सांगणारा पुरावा अनेकदा एवढाच असतो.

एक आक्षेप मात्र मी खोडणार नाही : स्वयंसेवक म्हणजे फुकटची मजुरी. माणसांकडून चिखल तुडवून घ्यायचा, निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात छापायचे आणि गावाला एक कागदही द्यायचा नाही, असे घडत असेल तर ते अन्यायाचे आहे. प्रशिक्षण, होडीचे भाडे, श्रेय आणि मराठीतून निष्कर्ष हे स्वयंसेवकांना मिळालेच पाहिजे. संशोधकांनी निधी मागतानाच हा खर्च त्यात धरावा.

आणि वाचकांनी येत्या जानेवारीच्या गणनेत आपल्या जवळची खाडी निवडावी. पहिल्या वर्षी जाणत्याबरोबर जा, भरतीची वेळ कोळीवाड्यात विचारून घ्या, आणि पुढच्या जानेवारीत त्याच जागी पुन्हा जा.