देणगीदाराचे नाव मतदाराला कळलेच पाहिजे

माहितीचा अधिकार कायदा 12 ऑक्टोबर 2005 रोजी लागू झाला. 12 ऑक्टोबर हा त्याचा वर्धापनदिन. वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारात हे दिवस सोयाबीनचे. मंगरुळपीर बाजार समितीच्या इथल्या आवारात माल विकला की शेतकरी हिशोबपट्टी मागतो. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळे तपासूनच घरची वाट धरतो. राजकीय पक्षांकडे मात्र आपण असा हिशोब कधी मागितला?

2018 मध्ये आलेल्या निवडणूक रोख्यांनी देणगीदाराचे नाव कायद्यानेच झाकले. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमताने रद्द केली आणि याद्या खुल्या झाल्या. शेलूबाजारजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाच्या काही टप्प्यांचे काम करणाऱ्या मेघा इंजिनिअरिंगने 966 कोटींचे रोखे घेतल्याचे तेव्हा लोकांना कळले. नुसत्या यादीवरून कुणी दोषी ठरत नाही. पण कंत्राट आणि देणगी शेजारी ठेवून प्रश्न विचारायचा, तर यादी हाती लागतेच.

महाराष्ट्राने हे पूर्वीही पाहिले आहे. सिमेंटवर नियंत्रण असताना बिल्डरांना कोटा आणि मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानांना देणग्या, असा व्यवहार उघड झाला. उच्च न्यायालयाने ठपका ठेवल्यावर जानेवारी 1982 मध्ये मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांना पायउतार व्हावे लागले.

देश श्रीमंत झाला की हा रोग आपोआप जाईल, या भ्रमात राहू नये. जर्मनीचे माजी चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी पक्षासाठी गुप्त देणग्या घेतल्याची कबुली दिली, पण देणाऱ्यांची नावे अखेरपर्यंत सांगितली नाहीत. ब्रिटिश खासदारांच्या भत्त्यांची बिले 2009 मध्ये बाहेर आली आणि काही जण तुरुंगात गेले. सुबत्तेत चिरीमिरी कमी होते. वरची देवाणघेवाण मात्र सभ्य कागदपत्रांआड चालूच राहते.

केंद्रीय माहिती आयोगाने जून 2013 मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहितीच्या अधिकार कायद्याच्या कक्षेत आणले. तो आदेश पक्षांनी आजवर पाळलेला नाही. ग्रामपंचायतीचा हिशोब दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतो, मग पक्षांनाच सूट का? आता जो मत मागायला दारात येईल, त्याला आधी हाच प्रश्न विचारा.