शेवटचा म्हणे वेताळ!

परवा भाचा आला होता. माळ्यावरून इंद्रजाल कॉमिक्सचा जुना गठ्ठा काढून बसलो होतो (हो आई, अजून रद्दीत टाकलेला नाही!), तर म्हणतो, "मामा, हा वेताळ आउटडेटेड आहे रे. मॉडर्नवाला वाच." आणि 'द लास्ट फँटम' पुढे केलं.

वाचलं. अमेरिकेतल्या डायनामाइट कंपनीने २०१० साली सुरू केलेली ही मालिका २०१२ पर्यंत १२ अंकांत आटोपली. लेखक स्कॉट बीटी, मुखपृष्ठं अ‍ॅलेक्स रॉसची. चित्रं झकास आहेत, उगाच खोटं कशाला बोला. पण गोष्ट?

यातल्या किट वॉकरला वेताळ व्हायचंच नसतं. मग त्याची बायको आणि मुलगा मारले जातात आणि साहेब सूडाला निघतात. झालं आधुनिकीकरण! हल्ली नायक 'खरा' वाटायला हवा असेल तर आधी त्याच्या घरातली माणसं मारायची, असा नियमच झालाय जणू.

अहो, पण ली फॉकने १९३६ मध्ये जन्माला घातलेला वेताळ मुळात असा नव्हताच. तो एकविसावा. आधीचे वीस त्या कवटीच्या गुहेत चिरनिद्रा घेतायत. बाप गेला की मुलगा शपथ घेतो, तोच मुखवटा चढवतो आणि जंगलाला वाटतं, हा अमर आहे! सगळी गंमत त्या 'पुढच्या'त आहे. तो चारशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाची शपथ पाळतो, स्वतःचं दुःख उगाळत बसत नाही. मुलगाच मारलात की वेताळ उरतो कुठे? उरतो तो एक चिडलेला माणूस. तसले ढिगाने आहेत.

आता तुम्ही म्हणाल, हा म्हाताऱ्यांचा गळा काढणं आहे. मुळीच नाही. जुन्या वेताळात बदलण्यासारखं होतं, भरपूर होतं. एक गोरा माणूस पिढ्यान्‌पिढ्या आफ्रिकेच्या जंगलात न्याय देतो आणि गुरान आणि मंडळी त्याला पूज्य मानतात, हे लहानपणी अजिबात खटकलं नव्हतं. आज पानापानावर खटकतं. ते हलवायला धाडस लागलं असतं. बाविसावा वेताळ बांदर जमातीतलाच झाला असता तर? किंवा हेलॉइज, त्याची मुलगी? साखळी टिकली असती आणि गोष्ट खरोखर आजची झाली असती. पण नाही. पडणारी भिंत तशीच ठेवली आणि पाया उकरला!

इंद्रजालही १९९० मध्ये बंदच पडलं म्हणा. पण ते २६ वर्षं चाललं होतं.

हे सगळं भाच्याला ऐकवलं. त्याने शांतपणे गठ्ठ्यातले तीन अंक काढून सॅकमध्ये घातले. ताई, परत यायला हवेत हं, लक्ष ठेव.