पोरगी म्हणते, मराठी घेईन!

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली. बायका चपला शोधत बाहेर पडत होत्या, तेवढ्यात एका बाईंनी माझा हात धरून मला बाजूला नेले. मागे त्यांची लेक खाली मान घालून उभी.

"ताई, इले तुमीच समजवा. बारावीत चांगले मार्क पडले, अन् आता म्हन्ते मराठी घेतो, नाटक शिकतो. मराठी त घरीच येते, त्याले कालेजात काय शिकाचं? अन् पोट कसं भराचं?"

बाईंचा राग खोटा नव्हता. नवरा ऑटो चालवतो, त्या स्वतः अंगणवाडीत मदतनीस आहेत. साऱ्या घराची आशा या एका लेकीवर. अशा माऊलीला 'मुलांची आवड जपा' असा कोरडा उपदेश करून कसे चालेल? त्यांचे दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरे अनेक घरांना हवी असतील, म्हणून आज तोच विषय घेते.

पहिला प्रश्न, घरी येणारी भाषा कॉलेजात कशाला शिकायची? लेकीनेच मला सांगितले की वर्गात ती एकदा 'शाळा' ऐवजी 'शाया' म्हणाली आणि मुले हसली. तेव्हापासून ती वर्गात तोंड उघडत नाही. भाषाशास्त्र शिकणारा विद्यार्थी यावर हसणार नाही. तो विचारील, आणखी कुठे असे होते? डोळा-डोया, काळा-काया. म्हणजे 'ळ' चा 'य' होतो, आणि तो ठरलेल्या रीतीने होतो. ती चूक नव्हे, वऱ्हाडी-नागपुरी बोलीचा तो नियम आहे. आपण रोज म्हणतो ते शब्दच पाहा. संस्कृतातला धर्म पालीत धम्म होतो, कर्माचे कम्म, शिक्षेचे सिक्खा. त्याला कोणी अशुद्ध म्हणेल काय? ज्या बोलीसाठी आपल्याला लाजवले जाते, तिच्यात शास्त्र आहे, हे भाषाशास्त्र दाखवून देते.

बाबासाहेबांना हायस्कुलात संस्कृत शिकू दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या कष्टाने शिकून घेतले. पालीचा शब्दकोश आणि व्याकरणही तयार केले. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ मध्ये त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात छापले आहे. घटना लिहिणारा माणूस रात्री जागून कोश करत होता, याचा अर्थ आपण कधी ध्यानात घेतला?

साहित्याचेही तसेच. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णाभाऊ साठे यांनी केले. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले. उर्मिला पवार यांनी नोकरी आणि संसार सांभाळून मराठीत एम. ए. केले. त्यांची आई बांबूच्या टोपल्या, सुपे विणायची. त्या विणण्याच्या नावावरून त्यांनी २००३ मध्ये आपल्या आत्मकथेला 'आयदान' हे नाव दिले. आईचे काम लेकीच्या लेखणीत उतरले. अशी पुस्तके आज विद्यापीठांत शिकवली जातात. ती शिकवायला आपल्या घरचे कोणी नसेल, तर त्यांचा अर्थ दुसरेच लावतील.

नाटकाचे नाव काढले की आयाबाया दचकतात. 'नाचगाण्यात घालायची का पोरगी?' पण आपली चळवळ खेडोपाडी पोहोचली ती आंबेडकरी जलशांतून. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' लिहिले आणि १९५५ मध्ये विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर करून दाखवले. नाटकाच्या अभ्यासात आवाज, उभे राहणे, नेपथ्य, प्रकाश, दिग्दर्शन हे सारे शिस्तीने शिकवतात. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलीला याहून चांगले औषध मला माहीत नाही.

आता पोटाचा प्रश्न. इथे मी खोटे बोलणार नाही. नुसती बी. ए. ची पदवी घेऊन गेले तर दार उघडत नाही. प्राध्यापक व्हायचे तर एम. ए. नंतर नेट किंवा सेट, आणि जागा थोड्या. परंतु व्यावसायिक लेखनाचे क्षेत्र मोठे आहे. शासनात आणि न्यायालयात अनुवादक लागतात. वृत्तपत्रे, आकाशवाणी, मालिकांचे संवाद, पुस्तकांचे मुद्रितशोधन, जाहिराती हीही कामेच आहेत. आता यंत्रही भाषांतर करते, पण त्याची चूक ओळखायला दोन्ही भाषा पक्क्या असलेला माणूस लागतो. म्हणून तीन गोष्टी पहिल्या वर्षापासून कराव्यात: मराठीच्या जोडीला इंग्रजी पक्के करणे, संगणकावर मराठी टंकलेखन शिकणे, आणि रोज एक पान लिहून कोणाकडून तरी तपासून घेणे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरावा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि त्याच दिवशी पालीलाही. आपण सर्वांनी पेढे वाटले. पण दर्जा मिळाल्यावर पोथ्या वाचायला, कोश करायला, भाषांतर करायला माणसे लागणार. ती कोणाच्या घरची असणार?

त्या बाईंनी सगळे ऐकून घेतले. "इच्या बापाले इचारतो," एवढेच म्हणाल्या. लेकीने मात्र पहिल्यांदा मान वर केली.

मायबहिणींनो, ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पत्र काढले, त्याचे नाव ठेवले 'मूकनायक'. मुक्यांना वाणी देण्यासाठी त्यांनी ते काढले. शंभर वर्षांनी आपली लेक म्हणते की मला भाषा शिकायची आहे, तर तिला गप्प बसवू नका. हिशेब जरूर विचारा, तीन वर्षांत काय शिकणार ते लिहून घ्या, आणि मग फॉर्मवर सही करा.

जयभीम!