मालकाची उधारी, कारखान्याचं कर्ज

थळ, वायशेत, बोरीस, गुंजीस, नवगाव आणि अलिबागमधले कामगार, शेतकरी, मच्छीमार आणि आरसीएफचे लहान भागधारक यांच्यासाठी



युरियाची 45 किलोची गोण शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते. आरसीएफच्या थळच्या कारखान्यात ती तयार व्हायला याच्या कितीतरी पट खर्च येतो. मधला फरक केंद्र सरकार कंपनीला अनुदान म्हणून देतं. याबद्दल आमची तक्रार नाही. खत स्वस्तच मिळालं पाहिजे. तक्रार आहे ती या फरकाचे पैसे कंपनीच्या हातात केव्हा पडतात याबद्दल.

2018 पासून देशभर नियम असा आहे की गोण कारखान्यातून निघाली म्हणून अनुदान मिळत नाही. ती पेणच्या रेल्वेमार्गानं बाहेर जाते, कुठल्यातरी तालुक्याच्या गोदामात पडते, तिथून कृषी सेवा केंद्रात येते आणि शेतकऱ्यानं पॉस मशीनवर अंगठा टेकवला की मगच तिचं अनुदान मागता येतं. पाऊस लांबला तर अंगठाही लांबतो. त्यानंतर दिल्लीतल्या तरतुदीत पैसे शिल्लक असतील तर बिल निघतं, नसतील तर पुढच्या वर्षावर जातं. नैसर्गिक वायूचं बिल मात्र पावसाची वाट पाहत नाही. विजेचं नाही, पगाराचं नाही. मग कंपनी बँकेच्या दारात जाते.

हे एकट्या थळचं दुखणं नाही. देशातल्या सगळ्याच खत कारखान्यांची बाकी इतकी साचली होती की नोव्हेंबर 2020 मध्ये केंद्राला एका फटक्यात 65,000 कोटी रुपयांची जादा तरतूद करावी लागली. त्याआधीची कित्येक वर्षं एक वेगळीच सोय चालू होती. सरकारनं द्यायच्या अनुदानाच्या भरवशावर कंपन्यांनी बँकेतून कर्ज उचलायचं, व्याजाचा काही भाग सरकारनं सोसायचा आणि उरलेला कंपनीनं. देणं सरकारचं, कर्जाच्या कागदावर सही कंपनीची.

खाजगी खत कंपनी निदान ओरडू शकते, कोर्टात जाऊ शकते. आपल्या कंपनीचं काय? राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे (आरसीएफचे) 75 टक्के शेअर भारत सरकारचे आहेत. ज्याच्याकडून येणं आहे, तोच मालक. संचालक तोच नेमणार, अध्यक्ष तोच निवडणार. मालकाच्या दारात वसुलीला कोण जाणार?

आपल्या बंदरावरचा हिशेब आठवा. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशांचा वाटा. होडी कोणाची आणि जाळं कोणाचं यावर ठरतं की उचल कोणाकडून घ्यायची आणि मासळी कोणाला घालायची. समजा, होडीचा मालक स्वतःच मासळी घेतो, पैसे पुढच्या हंगामात देईन म्हणतो आणि वर नारळी पौर्णिमेला होडीचा वाटा रोख मागतो. डिझेलसाठी नाखव्यानं कोणाकडे हात पसरायचा? असा व्यवहार बंदरावर एक हंगाम टिकणार नाही. आपल्या कारखान्यात तो वर्षानुवर्षं टिकला.

होडीच्या वाट्यालाच कंपनीच्या भाषेत लाभांश म्हणतात. मे 2016 मध्ये केंद्र सरकारनं आपल्या मालकीच्या कंपन्यांना नियम घालून दिला: वर्षाच्या नफ्याच्या 30 टक्के किंवा कंपनीच्या निव्वळ मालमत्तेच्या 5 टक्के, यातली जी रक्कम मोठी असेल तेवढा किमान लाभांश द्या. नोव्हेंबर 2024 मध्ये 5 चे 4 झाले, बाकी नियम तोच. सूट मागता येते, पण ती मागायची मालकाकडेच. त्या नियमात एक ओळ असायला हवी होती, ती नाही: सरकारकडून कंपनीचं येणं थकलेलं असेल तर आधी ते चुकतं करू, मग लाभांश घेऊ. ती ओळ नसल्यामुळे एका खिशातली थकबाकी कायम राहते आणि दुसऱ्या खिशात लाभांश पडतो. मधली पोकळी बँकेच्या कर्जानं भरते.

कर्जाऐवजी भागभांडवल का वाढवत नाहीत, असं कोणी विचारेल. नवे शेअर काढले की सरकारचा वाटा 75 च्या खाली येणार. तो निर्णय मुंबईतल्या मुख्य कार्यालयात होत नाही, दिल्लीत होतो. म्हणून कंपनीचं भागभांडवल वर्षानुवर्षं 551.69 कोटींवरच उभं आहे. सरकारनं शेअर विकले नाहीत असं नाही. 2013 मध्ये साडेबारा टक्के विकले, 2017 मध्ये पाच टक्के. दोन्ही मिळून पाचशे कोटींहून अधिक रुपये आले आणि ते केंद्राच्या तिजोरीत जमा झाले. विकले ते सरकारच्या हातातले जुने शेअर, त्यामुळे कारखान्याच्या खात्यात एक पैसाही आला नाही. पेपरात मात्र ‘आरसीएफच्या शेअरविक्रीला प्रतिसाद’ असे मथळे वाचून गावातल्या कित्येकांना वाटलं, आता कारखान्याला पैसा मिळाला.

गुंतवणुकीचंही तेच. ओडिशातल्या तालचेरला कोळशापासून युरिया करण्याचा, सुरुवातीला 13,277 कोटींचा अंदाज असलेला प्रकल्प आहे. सप्टेंबर 2018 मध्ये पायाभरणी झाली आणि त्यानंतर मुदती पुढे पुढे सरकत राहिल्या. त्यात गेल आणि कोल इंडियाच्या बरोबरीनं आरसीएफचा 31.85 टक्के वाटा आहे. देशाला तो प्रकल्प हवा असेल, आमचा विरोध नाही. पण तिथे भांडवल अडकवायचं हे मालकाच्या धोरणानं ठरलं आणि भार कंपनीच्या ताळेबंदावर आला.

जुन्या लोकांना आठवत असेल, थळचा कारखाना उभा राहण्याआधीच हा धडा मिळाला होता. तंत्रज्ञानासाठी आधी अमेरिकेच्या सी. एफ. ब्राऊनचं नाव पुढे होतं. 1980 मध्ये दिल्लीत सरकार बदललं, निवड बदलली, डेन्मार्कची हाल्डॉर टॉप्सो आली आणि जागतिक बँकेनं देऊ केलेलं कर्ज हातचं गेलं. निवड कोणती बरोबर होती हा वाद इथे नको. कर्ज कोणाचं मिळणार, हे मालकाच्या एका निर्णयानं फिरलं, एवढं ध्यानात घ्या.

मग विकून टाका सरकारी कारखाने, असं म्हणणारे आहेतच. त्यांनी रेवदंड्याच्या खाडीपलीकडे साळावला जाऊन यावं. तिथली विक्रम इस्पात 2009 मध्ये वेलस्पनकडे गेली, 2014 मध्ये जेएसडब्ल्यूकडे. डोलवीची इस्पात कर्जात रुतली आणि 2010 मध्ये जेएसडब्ल्यूनं घेतली. खाजगी प्रवर्तकालाही नवे शेअर काढून ताबा सैल करायचा नसतो, म्हणून तोही कर्जच काढतो, आणि बुडाला तर पाटी बदलते. सरकारी कंपनीची पाटी सहसा बदलत नाही. बँकांनाही ते ठाऊक असतं, म्हणून कर्ज सहज मिळतं. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी या सवयीला मऊ अंदाजपत्रकी मर्यादा म्हटलं: शेवटी सरकार सावरेल या भरवशावर कोणीच वेळेत हिशेब मिटवत नाही. आम्हाला थळची मालकी सरकारकडेच हवी आहे, आणि म्हणूनच मालकानं उधारी ठेवू नये असं आम्ही ठणकावून सांगतो.

आमची मागणी अशी. अनुदानाचं बिल ठरलेल्या दिवसांत चुकतं करावं आणि उशीर झाला तर त्या काळाचं पूर्ण व्याज सरकारनं द्यावं, अर्धंमुर्धं नव्हे. अनुदान थकलेलं असताना सरकारनं आपल्या 75 टक्क्यांवरचा लाभांश घेऊ नये. लहान भागधारकांचा रोखू नये. आणि वार्षिक अहवालात एक पान ठळक असावं: सरकारकडून किती येणं आहे, किती दिवसांपासून, त्यापायी किती कर्ज काढलं, त्यावर किती व्याज गेलं. कारखान्यासाठी जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांनी नोकरीचा प्रश्न विचारला की ‘परिस्थिती’ सांगितली जाते. ती परिस्थिती या चार आकड्यांत आहे. ती आम्हाला लेखी हवी.

उरलेले 25 टक्के जनतेचे आहेत. अलिबाग तालुक्यात ज्यांच्या डीमॅट खात्यात आरसीएफचा एक शेअर जरी असेल, त्यांनी वार्षिक सभेची सूचना आली की बोलणाऱ्यांच्या यादीत नाव नोंदवावं आणि वरचे चारच आकडे मागावेत. शेअर नसेल त्यांनी येत्या ग्रामसभेत हाच ठराव मांडावा आणि त्याची प्रत कारखान्याच्या गेटवर देऊन पोच घ्यावी.